वाचन, पडदा आणि डोळे : एका भीतीचा इतिहास

वाचनाने डोळे बिघडतात ही समजूत संगणकाच्या, दूरचित्रवाणीच्या, एवढेच काय विजेच्या दिव्याच्याही आधीची आहे. पडद्याला ती वारशाने मिळाली.

तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत पहिला चष्मा घडला तो बहिर्गोल भिंगांचा, म्हणजे मराठीत ज्याला नेमकेपणाने ‘चाळिशी’ म्हणतात तो. उतारवयात ताठर झालेल्या डोळ्याला जवळची अक्षरे दाखवणे एवढेच त्याचे काम. दूरचे न दिसणाऱ्यांसाठी अंतर्गोल भिंग पंधराव्या शतकात आले, पण ते का लागू पडते हे कळायला १६०४ साल उजाडावे लागले. योहानेस केप्लरने त्या वर्षी दाखवून दिले की प्रतिमा डोळ्याच्या मागच्या दृष्टिपटलावर उमटते. लघुदृष्टीच्या डोळ्यात किरण तिथे पोहोचण्याआधीच एकत्र येतात. केप्लरची स्वतःचीही दूरची नजर अधू होती. पुढे १७०० मध्ये बेर्नार्दिनो रामात्सिनी या इटालियन वैद्याने कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि बारीक काम करणाऱ्या कारागिरांच्या अधू नजरेची त्यात नोंद केली.

तोवर सगळे निरीक्षणावर चालले होते. मोजदाद कुणी केली नव्हती. १८१३ मध्ये जेम्स वेअर या लंडनच्या नेत्रवैद्याने रॉयल सोसायटीपुढे काही आकडे ठेवले. ऑक्सफर्डच्या एका महाविद्यालयात १२७ विद्यार्थ्यांपैकी ३२ जण चष्मा किंवा हातातले भिंग वापरत होते. उलट पायदळाच्या तीन रक्षक पलटणींतल्या सुमारे दहा हजार शिपायांमध्ये जवळजवळ वीस वर्षांत या दोषापायी नाकारलेले उमेदवार अर्धा डझनही भरत नव्हते. शिकलेल्यांचे डोळे अधू आणि अडाण्यांचे धड, असा अर्थ वाचकांनी लावला. शिपायाचा दिवस मैदानात जातो ही बाब मात्र नजरेतून निसटली.

या इतिहासातले सर्वांत कष्टाचे काम हेर्मान कोह्न यांचे. ब्रेस्लाऊ (आजचे पोलंडमधील व्रोत्स्वाफ) आणि आसपासच्या शाळांमधून फिरून त्यांनी १०,०६० मुलांचे डोळे तपासले आणि १८६७ मध्ये निष्कर्ष छापले. खेड्यातल्या शाळांत लघुदृष्टीची मुले शंभरात दीडदेखील नव्हती. विद्यापीठाची वाट असलेल्या गिम्नाझियममध्ये ती २६ टक्क्यांवर गेली. इयत्ता चढत जाई तसा आकडाही चढे. कोह्न यांनी बोट ठेवले ते अंधाऱ्या वर्गांवर, वाकून बसायला लावणाऱ्या बाकांवर आणि पुस्तकांच्या बारीक टायपावर. अक्षर किती मोठे हवे, दोन ओळींत किती जागा सुटावी, हे त्यांनी मिलिमीटरमध्ये सांगितले. मूल वहीवर झुकू नये म्हणून हनुवटी आणि कपाळ टेकवायचे लोखंडी आधारही त्या काळी जर्मन शाळांतल्या बाकांना बसवले गेले. त्यांच्या आग्रहातून रुंद खिडक्या आणि उंचीनुसार बाके आली, आणि हे उपकार लहान नाहीत. पण खेड्यातले मूल कमी वाचत होते तसेच दिवसभर उन्हातही होते. या दोन गोष्टी वेगळ्या करायला आणखी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ गेला.

विसाव्या शतकात धास्ती कागदावरून काचेवर सरकली. १९६७ मध्ये अमेरिकेत काही रंगीत दूरचित्रवाणी संचांतून सदोष नळीमुळे क्ष-किरण बाहेर पडत असल्याचे उघड झाले आणि पुढच्याच वर्षी किरणोत्सर्गावर मर्यादा घालणारा कायदा झाला. दोष दुरुस्त झाला, तरी ‘टीव्हीजवळ बसू नकोस’ ही घरोघरची ताकीद राहिली. सत्तरच्या दशकात वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत शिशाच्या टायपाची जागा संगणकाच्या पडद्यांनी घेतली. १९७७ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन संपादकांना मोतीबिंदू झाला, तेव्हा कामगार संघटनेने पडद्याला जबाबदार धरले. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९८३ मध्ये सगळा पुरावा तपासला. पडद्याने डोळ्याला कायमची इजा होते असे त्यात आढळले नाही. तक्रारी मात्र खऱ्या होत्या, आणि त्या येत होत्या काचेवरच्या झगमगाटातून, चुकीच्या उंचीच्या टेबलखुर्चीतून, न थांबणाऱ्या कामातून.

डोळे चुरचुरण्याचे एक साधे कारण १९९३ मध्ये जपानी नेत्रतज्ज्ञांनी मोजले. निवांत बसलेला माणूस मिनिटाला सरासरी २२ वेळा पापणी लववतो, पुस्तक वाचताना १० वेळा आणि पडद्यावरचा मजकूर वाचताना ७ वेळा. पडदा बहुधा नजरेच्या समोर असतो, पुस्तक खाली. समोर पाहताना डोळा जास्त उघडा राहतो, अश्रूंचा पातळ थर लवकर सुकतो, आणि पापणी तो पुन्हा पसरवायला वेळेवर येत नाही. हा त्रास काम थांबवले की ओसरतो. गेल्या दशकात निळ्या प्रकाशाची भीती पसरली आणि तो गाळणाऱ्या काचा भराभर खपल्या. २०२३ मध्ये कोक्रेन संस्थेने १७ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा डोळ्यांचा ताण या काचांनी कमी होतो असे दिसले नाही.

चष्म्याचा उणे नंबर ही वेगळी गोष्ट आहे. प्रौढ डोळा पुढून मागे सुमारे २४ मिलिमीटर असतो; वाढीच्या वयात तो एक मिलिमीटर जास्त लांबला तरी अडीच-तीन नंबर लागतो. जवळचे काम या लांबण्याला हातभार लावते असे बहुतेक तज्ज्ञ मानतात, आणि फोन पुस्तकाहूनही जवळ धरला जातो. पण कोह्न यांच्या तक्त्यात दडलेला दुसरा धागा २००८ मध्ये हाती लागला. सिडनी आणि सिंगापूर इथल्या सहा-सात वर्षांच्या चिनी वंशाच्या मुलांची तुलना झाली. सिंगापुरात २९ टक्के मुलांना लघुदृष्टी होती, सिडनीत ३.३ टक्के. पुस्तके सिडनीची मुलेच अधिक वाचत होती. फरक होता तो घराबाहेरच्या वेळेत : सिडनीत आठवड्याला पावणेचौदा तास, सिंगापुरात तीन. वर्गातला उजेड काहीशे लक्स असतो, उघड्यावर दहा हजारांच्या पुढे जातो. त्या उजेडात दृष्टिपटलातून डोपामिन स्रवते आणि ते डोळ्याचे लांबणे आवरते, असा सध्याचा अंदाज आहे.

चीनमधील ग्वांगझौच्या बारा शाळांत याची परीक्षा झाली. सहा शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटे जास्त बाहेर काढले. तीन वर्षांत त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना नव्याने लघुदृष्टी आली, इतर सहा शाळांत ३९.५ टक्के मुलांना. एकदा लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही, आणि नंबर लागल्यानंतर उन्हाचा उपयोगही कमी होतो. त्यामुळे तैवानने २०१० पासून रोज दोन तास मुलांना उघड्यावर नेण्याची जी मोहीम चालवली, तिचा भर प्राथमिक शाळांवर आहे.