दुष्काळ कोणाचा आणि उष्मा कोणाचा?



वैशाखात भर दुपारी सात रस्त्याच्या चौकात उभ्या असलेल्या माणसाला पृथ्वी तापते आहे हे सांगावयास व्याख्याता लागत नाही. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेलेला असतो, आणि सातांपैकी सावलीचा रस्ता कोणता, एवढाच प्रश्न त्याच्यापुढे असतो. परंतु सोलापूरचे ऊन काही आजचे नव्हे. येथील पाऊस वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. आपल्या आजा-पणजांनी हेच ऊन सोसले. तेव्हा केवळ घामाच्या साक्षीवर जगाच्या उष्म्याचा निवाडा करता येणार नाही. त्यात निसर्गाचे किती आणि माणसाचे किती, याचा हिशेब कागदपत्रे पुढे ठेवूनच करावा लागतो. असा हिशेब करण्याची पाळी या जिल्ह्यावर पूर्वीही आली होती, १८७६ च्या दुष्काळात.

त्या वर्षी पावसाने दगा दिला आणि पुढच्या वर्षीही तो धड झाला नाही. प्रशांत महासागराचे पाणी तापले की आपला मोसमी पाऊस पुष्कळदा बिघडतो. या प्रकाराला आज एल निनो म्हणतात. १८७७-७८ चा एल निनो हा ज्ञात इतिहासातील अतितीव्र एल निनोंपैकी एक होता. अवर्षण लांबले ते असे, आणि त्याचा दोष कोणा माणसाच्या माथी मारता येत नाही. पण अवर्षण म्हणजे उपासमार नव्हे. आगगाडी सोलापुरास १८६० मध्येच आली होती. एकरुखचा तलाव, ज्याला आपण हिप्परग्याचा तलाव म्हणतो, तो १८७१ मध्ये बांधून पुरा झाला होता. असे असूनही १८७२ आणि १८८१ या दोन शिरगणतींच्या दरम्यान जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे एक पंचमांशाने घटली. त्यांत काही देशोधडीला लागले, काही कायमचेच गेले. रिचर्ड टेंपल साहेबांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतकी मजुरी पुरेशी ठरविली होती. खडी फोडणाऱ्या माणसाला अर्धा किलोही धान्य नाही! पुण्याच्या सार्वजनिक सभेने, विशेषतः गणेश वासुदेव जोशी यांनी, गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. तिकडे हिंदुस्थानातून विलायतेला जाणारी गव्हाची जहाजे चालूच होती.

आता यातली मौजेची, म्हणजे खरे तर दुःखाची, गोष्ट ऐका. १८७७ मध्येच विल्यम हंटर आणि नॉर्मन लॉक्यर या दोन विद्वानांनी असा सिद्धांत मांडला की, सूर्यावरील डाग कमी झाले म्हणजे दक्षिणेत दुष्काळ पडतो. दोघेही अभ्यासू होते. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु राज्यकर्त्यांना याहून सोयीचा सिद्धांत कोणता मिळणार? सूर्यच अपराधी ठरला, तर एक पौंडाचा हिशेब कोण मागतो? डागांचा तो सिद्धांत पुढे टिकला नाही.

त्याच १८७७ साली सोलापुरात कापडाची पहिली गिरणी सुरू झाली, तीच आपली जुनी गिरणी. तिच्या भोंग्यावर गावाची घड्याळे लागत. १९६३ मध्ये ती बंद पडली, पण तिच्यामागून आलेल्या गिरण्यांनी हे शहर घडविले, हे कोणी नाकारणार नाही. गिरणी म्हटली की बॉयलर आला आणि बॉयलर म्हटला की कोळसा आला. मँचेस्टरपासून सोलापूरपर्यंत हीच रीत होती, मात्र मँचेस्टरने ती शंभर वर्षे आधी सुरू केली होती. या शंभर वर्षांचे महत्त्व पुढे येईलच.

कोळशाचा धूर विरून जातो असे आपल्याला वाटते. पण त्यातला कार्बन वायू विरत नाही. हा वायू उष्णता धरून ठेवतो, हे १८५६ मध्ये अमेरिकेतील युनिस फूट या बाईंनी आणि १८५९ पासून जॉन टिंडल यांनी प्रयोगाने दाखविले. १८९६ मध्ये, म्हणजे आपल्याकडे पुन्हा दुष्काळ पडत होता त्याच वर्षी, स्वीडनच्या आऱ्हेनियस यांनी गणित करून सांगितले की, हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल. थंडीने गारठलेल्या त्या गृहस्थांना ही गोष्ट स्वागतार्ह वाटली! ते सोलापुरास राहते तर त्यांचे मत निराळे झाले असते. १९५८ पासून चार्ल्स कीलिंग यांनी हवाईच्या डोंगरावर रोजचे मोजमाप सुरू केले. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे ३१५ भाग होता. कारखानदारीपूर्वी तो २८० च्या आसपास होता आणि २०२४ मध्ये ४२० च्या वर गेला.

हा वायू कोळशाचाच कशावरून? उदाहरण घरचेच घेऊ. सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी २०२३ च्या जूनमध्ये विमानांना अडथळा म्हणून पाडली गेली. त्या चिमणीतून जो धूर निघे तो उसाच्या चिपाडांचा. त्यातला कार्बन उसाने वर्ष-दीड वर्षापूर्वीच हवेतून घेतलेला असे. घेतले तेवढे परत केले. फताटेवाडीच्या औष्णिक केंद्रातला कोळसा मात्र कोट्यवधी वर्षे भूमीत गाडलेला. ताज्या कार्बनात किंचित किरणोत्सर्गी अंश असतो. कोळशातला केव्हाच नाहीसा झालेला असतो. हवेत या अंशाचे प्रमाण जुन्या इंधनामुळे घटते आहे, हे हान्स स्यूस यांनी १९५५ मध्येच दाखविले. आणि सूर्य? १९७८ पासून उपग्रह त्याचे तेज मोजीत आहेत; ते वाढलेले नाही. शिवाय सूर्यामुळे उष्मा वाढता तर वातावरणाचे वरचे थरही तापावयास हवे होते. ते थंड होत आहेत. अंथरुणाच्या आत ऊब आणि बाहेर गारवा, तसा हा प्रकार आहे.

म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीने २०२१ मध्ये जो निर्वाळा दिला तो मला निर्विवाद वाटतो: एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पृथ्वी सुमारे १.१ अंशाने तापली, आणि ती जवळजवळ सर्वस्वी माणसामुळे. भारताचा आकडा पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये दिला आहे, तो १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाचा. आपल्याकडील धूर आणि धूळ ऊन अडवितात, म्हणून तो कमी. या बचावात भूषण मानण्यासारखे काही नाही.

परंतु 'माणसामुळे' हा शब्द फार ऐसपैस आहे. कोणत्या माणसामुळे? कोळसा आणि तेल जाळून आजवर जेवढा वायू हवेत गेला, त्यातला जवळजवळ एक चतुर्थांश एकट्या अमेरिकेचा. एवढ्या मोठ्या भारताचा वाटा चार टक्क्यांहूनही कमी. वर म्हटलेली शंभर वर्षे ती हीच. फताटेवाडीचे १,३२० मेगावॅटचे केंद्र २०१७ ते २०१९ या काळात सुरू झाले, आणि त्याचा हिशेब आपल्या खाती पडेल. पण खतावणीची पहिली पाने दुसऱ्यांची आहेत.

येथेच एक सावधगिरी हवी. १८७७ मध्ये सूर्यावर ढकलण्याची सोय होती, तशी आज हवामानबदलावर ढकलण्याची आहे. उजनीचे धरण १९८० मध्ये पुरे झाले, साठवण ११७ टीएमसी. ज्या जिल्ह्यात साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, त्याच जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. अशा ठिकाणी उन्हाळ्यात शहराला दिवसाआड, कधी चार-पाच दिवसांनी पाणी आले, तर त्याचे उत्तर हवाईच्या डोंगरावर शोधू नये. ते पाटबंधारे खात्याच्या आवर्तनांच्या वेळापत्रकात आणि उसाच्या क्षेत्राच्या नोंदींत सापडेल, आणि ते कागद मागण्याचा अधिकार १८७६ च्या रयतेला नव्हता, तो आपणास आहे.