तबेल्याचा कायदा आणि मोटारीचें गॅरेज

जुन्या घराण्यांच्या दप्तरांत सनदा, महजर व वतनपत्रें यांचे रुमाल नीट बांधून ठेविलेले आढळतात. त्याच फडताळांतील म्युनिसिपालिटीच्या कागदांकडे मात्र संग्राहकांची दृष्टि सहसा वळत नाहीं. मुंबईतील एखाद्या बंगल्याच्या आवारांत मोटारीचें गॅरेज केव्हां उठलें हें ठरवावयाचें तर हेच कागद उपयोगी पडतात. ते वाचतांना एक चूक होण्याचा संभव आहे, तिचाच येथें विचार करूं.

मुंबई शहराचा म्युनिसिपल कायदा १८८८ चा. तेव्हां शहरांत मोटार आलेली नव्हती. साहजिकच 'इमारत' शब्दाच्या व्याख्येंत घर, तबेला, छपरी, झोंपडी हीं नांवें आलीं. गॅरेज आलें नाहीं. परंतु माती, लांकूड, धातु वा अन्य कशाचेंही असलें बांधकाम त्या व्याख्येंत बसत असल्यामुळें तबेल्याच्या मागोमाग गॅरेजही तींत आपोआप शिरलें.

कलम ३३७ अन्वयें मालकानें कमिशनरास नोटीस द्यावयाची. तींत जागा, लांबीरुंदी, इमारतीचा उपयोग आणि कामावर देखरेख करणाराचें नांव हीं लिहावयाचीं. कलम ३३८ प्रमाणें कमिशनर नकाशे मागवूं शके. आतां महत्त्वाचें कलम ३४५. नोटीस, किंवा मागितलेले कागद, पोंचल्यापासून तीस दिवसांत नापसंती कळविली नाहीं, तर नोटिशीच्या तारखेपासून वर्षाच्या आंत मालकास काम चालू करतां येई. म्हणजे परवानगी मौनानेंही मिळे, आणि मौनाचा कागद कोणत्याही दप्तरांत सांपडावयाचा नाहीं!

यास्तव मंजुरीपत्र मिळालें नाहीं एवढ्यावरून गॅरेज विनापरवाना होतें असा शेरा मारणें आम्हांस मान्य नाहीं. उलट पक्षीं, मौनामुळें कायद्याचा किंवा उपनियमांचा भंग माफ होत नसे. तेव्हां मौन हा निर्दोषपणाचाही पुरावा नव्हे. तसेंच नोटिशीची तारीख ही बांधकामाची तारीख धरूं नये. तिच्यावरून फार तर कामाच्या आरंभाची मर्यादा कळते.

अशा स्थितींत खरी किंमत नोटिशीच्या नकलेला व तिच्या पोंचेला आहे. रंगीत नकाशा तेवढा चौकटींत बसवून सोबतचा पत्रव्यवहार रद्दींत घालणारे हौशी संग्राहक आम्हीं पाहिले आहेत; त्यांनीं कवच ठेवून गर टाकिला असें म्हणावें लागतें. तीस दिवस कोठून मोजावयाचे हें नकाशा सांगत नाहीं, पोंच सांगते.

आणखी एक गोष्ट. मनुष्यवस्तीसाठीं न बांधलेली इमारत राहतें घर करणें हेंही कलम ३३७ मध्यें नवें बांधकामच मानिलें आहे. गॅरेजांत पुढें बिऱ्हाड घातलें असेल तर त्याच चार भिंतींची दुसरी नोटीस त्या रुमालांत शोधावी. दोन्ही एकत्र बांधून ठेवाव्या.