माहुल, मेण आणि कानातले बोळे

आपल्याकडे कानात घालायच्या गोष्टींची यादी तशी मोठी आहे. लसूण घालून कोमट केलेलं तेल, अत्तराचा फाया, थंडीतला कापसाचा बोळा. पण झोप लागावी म्हणून कानात काहीतरी कोंबायचं, हा उपाय आजीच्या बटव्यात कुठे सापडत नाही. रात्री आवाजच नसायचा म्हणून असेल कदाचित.

आता असतो. मी चेंबूरचा. समोर एक टॉवर उभा राहतोय आणि त्याचं काम कुठल्या वेळेत चालावं याबद्दल बिल्डरची मतं फार उदार आहेत. तेव्हा इअरप्लग घ्यायचे ठरवले. घ्यायच्या आधी तीन वीकेंड नुसतं वाचत बसलो (व्यवसायाचा दोष, दुसरं काय!). वाचता वाचता गाडी होमरपासून निघाली आणि घरापासून अर्ध्या तासावरच्या माहुलला येऊन थांबली.

होमरच्या ओडिसीमधली गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. सायरन नावाच्या मायाविनींचं गाणं ऐकलं की खलाशी भान हरपतात आणि घरी परतत नाहीत. म्हणून ओडिसियस खलाशांच्या कानात मेण भरतो. स्वतः मात्र कान उघडे ठेवून डोलकाठीला बांधून घेतो. म्हणजे गाणं ऐकायचं कप्तानाने आणि वल्ही मारायची बाकीच्यांनी. ही वाटणी लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बाजारात मिळणारा इअरप्लग मात्र अगदी अलीकडचा. १९०७ साली बर्लिनमधल्या मॅक्स नेगवर नावाच्या औषधविक्रेत्याने मेण, व्हॅसलीन आणि कापूस एकत्र करून कानात बसणाऱ्या गोळ्या केल्या. नाव ठेवलं 'ओरोपॅक्स'. ओर म्हणजे जर्मनमध्ये कान आणि पॅक्स म्हणजे लॅटिनमध्ये शांतता. नाव जमलंय! पहिल्या महायुद्धात तोफांच्या आवाजापासून वाचायला सैनिकांनी ते वापरले. त्याच काळात, १९१५ मध्ये, फ्रान्झ काफ्काने प्रागहून आपल्या प्रेयसीला पत्रात कळवलं होतं की बर्लिनहून हे ओरोपॅक्स मागवलंय. काफ्का आवाजाला भयंकर वैतागलेला असायचा. शेजाऱ्यांच्या, जिन्यातल्या, छतावरच्या. गंमत म्हणजे त्याची दिवसाची नोकरी कामगार अपघात विमा संस्थेत होती. कारखान्यातल्या यंत्रांनी माणसांचं काय होतं हे तो दिवसभर फायलींमध्ये बघायचा आणि रात्री कानात मेण घालून लिहायचा.

१९६२ मध्ये अमेरिकेत बेनर नावाच्या दाम्पत्याने सिलिकॉनची मऊ गोळी आणली. ती कानाच्या नळीत जात नाही, तोंडावरच चिकटवायची. पोहणाऱ्यांना फार आवडली. आणि ज्याला आज आपण इअरप्लग म्हणतो तो पिवळा फोम? तो तर अपघातानेच सापडला. १९६७ मध्ये नॅशनल रिसर्च कॉर्पोरेशनमध्ये रॉस गार्डनर आणि त्याची टीम सांधे बुजवायच्या प्रोजेक्टवर काम करत होती. त्यात त्यांना दाबला की चेपणारा आणि सोडला की सावकाश फुगणारा पदार्थ मिळाला. १९७२ पर्यंत त्याचे प्लग बाजारात आले. मुख्य गिऱ्हाईक होते कारखाने. झोपेसाठी तो बनवलेलाच नव्हता, आपण तो पळवला.

झोपेचं आणि त्याचं फारसं जमत नाही ते यामुळेच. कामगार उभा असतो, झोपणारा कुशीवर वळतो. उशीने प्लग आत ढकलला जातो आणि पहाटे कान दुखायला लागतो. म्हणून झोपेसाठी घेताना आधी बघायचं ते लांबी आणि मऊपणा, डेसिबलचा आकडा नंतर. कानाच्या बाहेर टोक डोकावत असेल तर तो आपला नव्हे. नळी अरुंद असेल तर लहान साइज घ्या. फोम बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, प्लग आत सरकवायचा आणि अर्धा मिनिट बोट धरून ठेवायचं. बहुतेक लोक ही शेवटची पायरी गाळतात आणि मग प्लगला शिव्या देतात. फोम टोचत असेल त्यांनी मेणाचा किंवा सिलिकॉनचा करून बघावा, आवाज थोडा जास्त येईल पण उशीवर त्रास कमी. हात धुवून घाला, मळले की टाकून द्या. आणि कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल तर आधी डॉक्टर, मग प्लग.

पाकिटावरच्या आकड्याचं काय? अमेरिकेत १९७९ पासून प्लगच्या पाकिटावर आवाज किती कमी होतो ते छापणं सक्तीचं झालं. चांगल्या फोमवर ३३ असतं. पण तो आकडा प्रयोगशाळेतला, तज्ज्ञाने नीट बसवून दिल्यावरचा. तिथल्या कारखान्यांत वापरला जाणारा ठोकताळा असा की आकड्यातून ७ वजा करा आणि उरलेल्याचं अर्ध धरा. म्हणजे (३३ – ७) ÷ २ = १३. खिडकीशी ६५ डेसिबल असेल तर कानापाशी ५२. आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा आहे ४५. थोडक्यात, कानात प्लग घालूनही मी कायद्याच्या हद्दीबाहेरच झोपतो.

आता माहुल. हे मूळचं कोळ्यांचं गाव, खाडीकाठचं, समोरच्या चिखलात फ्लेमिंगो उतरतात ते. १९५४-५५ मध्ये शेजारी दोन रिफायनऱ्या सुरू झाल्या, स्टॅनव्हॅकची आणि बर्मा शेलची. राष्ट्रीयीकरणानंतर त्याच एचपीसीएल आणि बीपीसीएल झाल्या. मधल्या काळात टाटांचं वीजकेंद्र आलं, खत कारखाना आला, रसायनांच्या टाक्या आल्या. गाव होतं तिथेच राहिलं.

त्या २००० च्या नियमांत औद्योगिक विभागासाठी मर्यादा दिवसा ७५ आणि रात्री ७०. निवासी विभागासाठी ५५ आणि ४५. रात्रीचा फरक २५ डेसिबल. ऐकायला किरकोळ वाटतो, पण डेसिबल लॉगरिदमिक असतात. २५ म्हणजे आवाजाच्या ऊर्जेत तीनशे पटीहून जास्त. माहुलमध्ये या दोन आकड्यांच्या मध्ये एक कंपाउंड वॉल आहे. नकाशावर रेघ मारता येते, भिंतीपाशी येऊन आवाज स्वतःला एवढा कमी कसा करणार?

भिंतीच्या आत गोष्टी स्पष्ट आहेत. आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आपल्या कारखान्यांच्या नियमांत रूढ झाली, आणि आवाजाने येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात नोंद करण्याजोगा आजार होता. कामगाराच्या कानाला मालक जबाबदार. शिफ्ट संपवून तोच माणूस गेटबाहेर पडला की कान त्याचे स्वतःचे.

तानसा जलवाहिनीच्या काठच्या झोपड्या हटवल्या तेव्हा तिथल्या हजारो कुटुंबांना याच भिंतीबाहेर आणून ठेवलं. ७२ इमारती, सुमारे १७ हजार घरं. वसाहतीचं नाव एव्हरस्माइल (विनोद माझा नाही). तोवर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये चारुदत्त कोळी यांच्या अर्जावर निकाल देताना माहुल-अंबापाड्याच्या हवेचा प्रश्न गंभीर असल्याचं मान्य केलेलं होतं. तरीही माणसं येत राहिली. माहुलचं मुख्य दुखणं आवाज नाहीच, हवा आहे. कानात बोळा घालता येतो, नाकात काय घालणार?

आणि खरं सांगायचं तर माहुलच्या माणसाला मी इअरप्लग सुचवणारही नाही. ८ ऑगस्ट २०१८ ला दुपारी बीपीसीएलच्या हायड्रोक्रॅकर युनिटमध्ये स्फोट झाला, चाळीसहून जास्त जण जखमी झाले. आसपासच्या लोकांना आधी भूकंपच वाटला. हे दिवसाढवळ्या झालं. रात्री झालं असतं तर भोंगा ऐकू येणं हीच पहिली सुरक्षा. भोपाळमध्ये १९८४ च्या त्या रात्री वस्तीसाठीचा भोंगा सुरू होऊन काही मिनिटांतच बंद केला गेला होता, आणि लोक जागे झाले ते खोकत. जिथे जागं राहण्यातच शहाणपण आहे तिथे झोपेची साधनं विकून काय उपयोग? माझ्यासारख्याला प्लग परवडतो तो ६० रुपयांत मिळतो म्हणून नव्हे. रात्री काही चुकवलं तरी माझं फार बिघडत नाही म्हणून.

सर्वोच्च न्यायालयाचा १८ जुलै २००५ चा ध्वनिप्रदूषणाचा निकाल आपल्याला फटाके आणि लाउडस्पीकरपुरता आठवतो. त्याची सुरुवात अनिल मित्तल या इंजिनिअरच्या याचिकेने झाली होती. निमित्त होतं जानेवारी १९९८ मधली एक बातमी. तेरा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला आणि शेजारी लाउडस्पीकर एवढा जोरात होता की तिच्या हाका कुणाला ऐकू गेल्या नाहीत. त्याच दिवशी तिने स्वतःला पेटवून घेतलं. न्यायालयाने आवाजाचा प्रश्न जगण्याच्या हक्काशी जोडला तो या प्रकरणात. झोपमोड हा त्या याचिकेतला मूळ मुद्दा नव्हता, आवाजामुळे एकमेकांना ऐकू न येणं हा होता.

माहुलच्या वसाहतीबाबत मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये आदेश दिला. तिथे राहायला नकार देणाऱ्या कुटुंबांना महिना १५ हजार रुपये भाडं आणि ४५ हजार अनामत द्या, म्हणजे त्यांना दुसरीकडे घर घेता येईल. बरेच जण गेले, कित्येक घरं रिकामी पडली. २०२५ मध्ये महापालिकेने त्यातली हजारो घरं आपल्याच कर्मचाऱ्यांना १२ लाख ६० हजारांना विकायला काढली. मुंबईत, स्वतःच्या मालकीचं घर, तेही या भावात. अर्ज आले ते अगदीच थोडे.