हात राखून खर्च : पांढुर्णा-सौंसरच्या काटकसरीचा इतिहास

पांढुर्णा आणि सौंसर भागातील काटकसर कोरडवाहू शेतीच्या पोटी जन्मली. सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचा हा मुलूख आधी देवगडच्या गोंड राजांकडे आणि मग नागपूरकर भोसल्यांकडे होता. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर तो इंग्रजांकडे गेला, 1861 मध्ये मध्य प्रांतात आला आणि 1956 च्या राज्य पुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिला. ऑक्टोबर 2023 मध्ये या दोन तहसिली छिंदवाड्यातून काढून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. सरकारे बदलली, तरी बोली, सणवार आणि खाणेपिणे विदर्भाशीच जुळलेले राहिले. ज्वारी, कापूस आणि तूर ही मुख्य पिके. पीक घरात येई ते हिवाळ्यात, तोंडे मात्र बाराही महिने चालत. हा मेळ घालण्यासाठी लोकांनी जी रीत बसवली, तिचे दोन भाग होते: घरातली वस्तू पुरवून वापरणे आणि सावकाराचे दार टाळणे. पहिल्यात हा भाग तरबेज होता. दुसऱ्यात यश यायला शंभर वर्षे लागली.

जुन्या व्यवहारात रोख पैशाला फारसे काम नव्हते. नांगर दुरुस्त करणारा सुतार, फाळ शेवटणारा लोहार, हजामत करणारा न्हावी यांचा वर्षाचा मोबदला खळ्यावर धान्यातच चुकता होई. सालदाराच्या मजुरीतही धान्याचा वाटा असे. विकत घ्यायचे ते मीठ, गूळ, कापड, भांडी आणि दागिना. त्यामुळे बचत मोजली जाई ती कणगीतल्या ज्वारीवरून. बियाण्याचे दाणे राख लावून वेगळे ठेवत आणि कितीही ओढ लागली तरी त्यांना हात लावत नसत. रोजच्या जेवणात ज्वारीची भाकर, तुरीचे वरण आणि पालेभाजी. ज्वारी भरडून शिजवलेल्या कण्या भाताची जागा घेत, तांदूळ सणाला किंवा पाहुण्यापुरता निघे. उन्हाळ्यात सांडगे, कुरडया, मुगवड्या आणि सुकवलेल्या भाज्यांचे वाळवण होई. पावसाळ्यात भाजी महाग झाली किंवा मिळेनाशी झाली, की हेच डबे उघडत. कोंड्याचा मांडा करणारी सुगरण हे इथल्या घरचे खरे भांडवल होते.

एका वस्तूतून किती कामे काढली जात, हे अंबाडीवरून दिसते. तुरी-कपाशीच्या कडेने तिचे तास टाकत, स्वतंत्र जमीन तिला लागत नसे. कोवळ्या पाल्याची आंबट भाजी कण्या किंवा भाकरीबरोबर खात. लाल बोंडांची चटणी होई. झाड वाढले की कापून पाण्यात भिजत घालत, साल सोलून वाख काढत आणि त्याचे दोर, कासरे, दावी घरीच वळत. सोललेल्या काड्या चूल पेटवायला कामी येत. दोरखंड, भाजी आणि सरपण यांवरचा खर्च असा एका ओळीत वाचे. कपाशीचेही तसेच. बोंडे वेचून झाल्यावर उभी पऱ्हाटी उपटून तिच्या मोळ्या बांधत, त्यावर वर्षभर चूल पेटे. सरकी बैलांना, तुरीचे कुटार जनावरांना, तुराट्या कुडाच्या भिंतीला आणि छपराला. कोष्टी आणि महार विणकरांच्या मागावरचे जाडेभरडे कापड वर्षानुवर्षे टिके. लुगडे विरले की त्याची वाकळ शिवत, वाकळ फाटली की तिचे पोतेरे होई.

ही काटकसर सर्वांना सारखी साधत नव्हती. ज्याच्याकडे जमीन, त्याच्याकडे पऱ्हाटी, कुटार आणि कणगी. मजुराच्या घरी साठवायलाच काही नसे, तो हातातोंडाची गाठ घालून जगे. 1896-97 आणि 1899-1900 या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला, तेव्हा अशा घरांना रानातली मोहफुले, कंद आणि सरकारी दुष्काळी कामे यांचाच आधार उरला. राखून खर्च करायलाही आधी काहीतरी हाती असावे लागते, हे त्या वर्षांनी दाखवले.

रोख पैसा आला तो कापसाबरोबर. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस अडला आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव चढले. युद्ध संपताच ते कोसळले. 1867 मध्ये नागपूरला रेल्वे पोचली आणि मुंबईची बाजारपेठ जवळ आली. पुढे नागपूर-छिंदवाडा छोटी लाइन सौंसरवरून गेली, तर नागपूर-इटारसी मोठी लाइन पांढुर्ण्यावरून. गिरण्यांचे कापड, घासलेट, चहा, साखर अशा वस्तू गावात आल्या. घरात तयार होणाऱ्या कितीतरी गोष्टी आता दुकानातून येऊ लागल्या. शेतकऱ्याच्या हाती एकदम रक्कम पडे आणि काही महिन्यांत ती संपे.

पीक निघण्याआधीचे श्रावण-भाद्रपद हे सर्वांत ओढीचे दिवस. त्याच सुमारास पिठोरी अमावास्येला पोळा येतो, आणि दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा व सावरगाव यांच्यात गोटमार, म्हणजे दगडफेकीची झुंज, होते. बैलांचा साज, पुरणपोळी, घरी आलेले पाहुणे हा सारा खर्च कणगी तळाला गेलेली असताना करावा लागे. दुकानदाराकडे उधारी आणि सावकाराकडे वाढीदिढी हाच मार्ग राही. दिढीने चार पायल्या ज्वारी घेतली, तर सुगीला सहा पायल्या मोजाव्या लागत. सवाईने घेतली तर पाच. वर्षभर मीठ-मिरचीत वाचवलेले या एका व्यवहारात जाई. मुलीचे लग्न आणि तेरवीचे जेवण यांचे कर्ज तर बापाकडून मुलाकडे येई. रोजच्या खर्चात कापण्यासारखे फार थोडे होते, गळती होती ती ऋण काढून केलेल्या सणात.

सरकारने आधी कायद्याने ही गळती थोपवण्याचा प्रयत्न केला. 1904 च्या कायद्याने सहकारी पतसंस्था सुरू झाल्या. जागतिक मंदीत कापसाचे भाव पडल्यावर मध्य प्रांताने 1933 मध्ये कर्ज समझोता कायदा केला. सावकार आणि कुळ यांना मंडळापुढे बसवून कर्जाची रक्कम कमी करायची आणि हप्ते बांधून द्यायचे, असा तो प्रकार. 1934 मध्ये सावकारी नियंत्रणाचा कायदा आला. 1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली. तरीही रिझर्व्ह बँकेच्या 1951-52 च्या ग्रामीण पतपाहणीत देशभरच्या शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम 3 टक्के निघाला आणि सावकारांचा सुमारे 70 टक्के.

कायद्याला जे जमले नाही, ते कीर्तन आणि भजन यांनी दुसऱ्या बाजूने हाती घेतले. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगे महाराज (1876-1956) कर्ज काढून सण करू नका, देवापुढे बकरे मारू नका असे कीर्तनातून सांगत. लुगडे कमी भावाचे घ्यावे, ताट मोडून भाकरी हातावर खावी, पण मुलाला शाळेत घालावे, असा त्यांचा आग्रह असे. वाचलेला पैसा कशाला लावायचा, हे त्यात स्पष्ट होते. तुकडोजी महाराजांनी (1909-1968) मोझरीच्या गुरुकुंजातून साधी लग्ने, व्यसनमुक्ती आणि श्रमदान यांचा प्रचार केला. त्यांची ‘ग्रामगीता’ 1955 ची. विदर्भाला लागून असलेल्या या पट्ट्यात खंजिरी भजनाबरोबर हे विचारही आले. पुढे सामूहिक विवाहांची प्रथा पडली, त्यामागे हीच शिकवण होती.

वाचलेला पैसा ठेवायचा कुठे, हा पुढचा प्रश्न. पूर्वी तो बाईच्या अंगावर चांदीच्या रूपाने असे, अडल्यावेळी गहाण पडे. डाकघराची बचत बँक 1882 पासून होती, पण ती नोकरदाराच्या जास्त उपयोगाची. 1969 मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यानंतर खेड्यांकडे शाखा वळल्या. बायकांनी मात्र भिशीवर भिस्त ठेवली. बारा जणींनी दरमहा 500 रुपये घातले की 6,000 जमतात, चिठ्ठी निघेल तिला ते मिळतात. व्याज नाही, कागद नाही, आणि हप्ता चुकवला तर चारचौघींत मान जातो. 1992 मध्ये नाबार्डने बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला आणि या सवयीला कर्जाची जोड मिळाली. पोळा किंवा पेरणीसाठी लागणारी लहान रक्कम गटातूनच मिळू लागली, तेव्हा दिढीचा जोर ओसरला.

दरम्यान शेतीही बदलली. संत्र्याच्या बागा वाढल्या आणि आंबिया व मृग या बहारांनी पैसा येण्याची वेळ बदलली. बहार झाडावर असतानाच व्यापाऱ्याशी सौदा होतो, इसार मिळतो आणि बाकी रक्कम तोडणीला. गारपीट झाली किंवा फळगळ लागली, तर सौदा मोडतो. शिवाय खते, फवारणी, विजेचे बिल, शाळेची फी, दवाखाना आणि मोबाइलचे रिचार्ज हे सगळे रोखीचे. 2016 नंतर उज्ज्वला योजनेने खेडोपाडी गॅस पोचला, तरी सिलिंडर पुरवण्यासाठी पाणी तापवायला पऱ्हाटीच जाळणारी घरे आहेत.

काटकसरीचे स्वरूप त्यामुळे उलटे झाले आहे. पूर्वी रोजचा खर्च वस्तूंत होता आणि मोठा खर्च कर्जात. आता रोजचा खर्चच दरमहा रोखीने उभा राहतो, आणि शेतीचे उत्पन्न मात्र अजून वर्षातून एकदा-दोनदा येते. वाळवण आणि वाकळ घरोघरी थोडीफार टिकून आहेत. पण दोन बहारांमधल्या महिन्यांचा भार आता मुख्यतः भिशी, बचत गट आणि बँकेचे खाते यांच्यावर आहे.