डाव्या हाताचा खर्ज : दक्षिण कोकणातील लहान वाद्यमेळ आणि पेटीवादक

दशावतारी नाटकाविषयीच्या लेखनात संकासुराचे सोंग, राजपार्टी, स्त्रीपार्टी आणि युद्धनृत्य यांची चर्चा विपुल आढळते. रंगस्थळाच्या कडेला बसलेल्या पेटीवाल्याचा उल्लेख मात्र बहुधा 'साथीला' या एका शब्दात संपतो. प्रस्तुत निबंधात याच वादकाकडे, त्यातही त्याच्या डाव्या हाताकडे, लक्ष वेधावयाचे आहे. ज्या लहान वाद्यमेळात खर्जाचे स्वतंत्र स्वरवाद्य नसते, तेथे ती उणीव कोणी आणि कशी भरून काढली, हा येथील प्रश्न आहे.

तळेरे हे कणकवली तालुक्यातील गाव मुंबई–गोवा महामार्गावर वसलेले आहे. येथून पश्चिमेस विजयदुर्गाकडे, तर पूर्वेस वैभववाडी–गगनबावडामार्गे कोल्हापूरकडे रस्ते फुटतात. अशा तिठ्यावर देवळातील भजन, जत्रेतील दहीकाला आणि उत्सवातील ऑर्केस्ट्रा हे तिन्ही प्रकार कानी पडतात. तिन्हींत पट्ट्यांचे वाद्य मध्यवर्ती आहे. तिन्हींत त्याचे काम मात्र वेगळे आहे.

दशावताराचा वाद्यमेळ अगदी आटोपशीर असतो : पायपेटी, मृदंग अथवा पखवाज आणि झांज. पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबेन यांनी 1842 मध्ये ज्या हार्मोनियमचे पेटंट घेतले, त्याचा भाता पायाने चालत असे. पुढे कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी हातपेटीला चालना दिली. हातपेटी स्वस्त, सुटसुटीत आणि मांडी घालून वाजविण्याजोगी होती, परंतु तिने डावा हात भात्याला बांधून टाकला. पायपेटीवाल्याचे दोन्ही हात मोकळे राहतात. उजव्या हाताने पदाची चाल धरावी आणि डाव्याने खालच्या सप्तकात षड्ज वा पंचम दाबून ठेवावा, ही सोय तेथे आपोआप लाभते. पेटी बनविणारे कारागीर रीडांचे 'खर्ज', 'नर' आणि 'मादी' असे भेद करतात. खर्जाचा संच असलेल्या पेटीत एकाच पट्टीवर खालच्या सप्तकाचा स्वरही मिसळता येतो. वादक एकटाच, पण आवाज दोघांचा भासावा, ही किमया काही अंशी कारागिराची आहे, हे विसरून चालणार नाही.

तथापि यास पाश्चात्त्य अर्थाने 'बेस' म्हणावे काय? माझ्या मते म्हणू नये. पाश्चात्त्य संगीतात खालची स्वररेषा स्वतः चालते आणि वरच्या स्वरसंगतीला दिशा देते. आपल्याकडील खर्ज हा आधारस्वर आहे. तो चालत नाही, उभा असतो. शिवाय मंद्र नादाची गरज पखवाजाचे डावे अंग भागविते. त्याच्या पुडीवर थापलेल्या कणकेमुळे उठणारा भरदार धुमकार मोकळ्या माळावरही पोहोचतो. म्हणजे दशावतारात बेस वाजविणारा नव्हता असे म्हणण्यापेक्षा चालत्या बेसची आवश्यकताच नव्हती, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल.

संगीत रंगभूमीवरही चित्र फारसे निराळे नाही. 1913 मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या साथीत हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन, कादरबक्ष यांची सारंगी आणि अहमदजान थिरकवा यांचा तबला होता. ऑर्गनचा भरीव, लांबणारा नाद गायकाच्या मागे पडद्यासारखा उभा राही. त्याच्याकडून स्वतंत्र खालच्या रेषेची अपेक्षा नव्हती. ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली व ती 1971 मध्ये शिथिल केली. जत्रेतल्या पेटीला त्या बंदीचे सोयरसुतक नव्हते.

खरा बदल चित्रपटगीतांनी घडविला. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांच्यासारख्या वादकांच्या बेस गिटारमुळे हलती खालची ओळ श्रोत्यांच्या कानात बसली. ती वगळून तेच गाणे सादर केले तर ते पोकळ वाटू लागले. गावोगावच्या लहान ऑर्केस्ट्रांना आणखी एक वादक, त्याचे मानधन, त्याचा ॲम्प्लिफायर आणि गाडीतील जागा परवडणे कठीण होते. ही अडचण केवळ कोकणाची नव्हे. अमेरिकेत जिमी स्मिथ हॅमंड ऑर्गनवर डाव्या हाताने व पायपट्ट्यांनी बेस वाजवीत. 1965 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये स्थापन झालेल्या 'द डोअर्स' या बेसवादक नसलेल्या गटात रे मॅन्झारेक डाव्या हाताने 32 पट्ट्यांच्या पियानो बेसवर ती रेषा सांभाळीत. ध्वनिमुद्रणाच्या वेळी मात्र या गटाने अनेकदा वेगळा बेसवादक बोलाविला, हे उद्बोधक आहे : मंचावर जे खपते ते स्टुडिओत उघडे पडते.

1980 मध्ये कॅसिओटोन बाजारात आला. त्यानंतरच्या काळात पट्ट्यांचे दोन भाग करून डावीकडे बेस व उजवीकडे अन्य वाद्य लावण्याची 'स्प्लिट' सोय कीबोर्डवर सामान्य झाली. पेटीवर बोटे घडलेल्या वादकाला येथे नव्याने शिकावे लागले. षड्ज दाबून धरण्याची सवय मोडून डाव्या हाताला ठेक्याबरोबर चालविणे, आणि त्याच वेळी उजव्या हाताने गाण्यातील व्हायोलिनचे तुकडे भरणे, हे दोन माणसांचे काम आहे. मानधन मात्र एकाचेच. आयोजकाला वाचलेला वादक दिसतो. वाढलेले काम दिसत नाही. पुढे 'स्टाईल' नावाच्या स्वयंचलित साथीने डाव्या हाताला केवळ कॉर्ड धरण्यापुरते उरविले, कारण बेसची ओळ यंत्रच वाजवू लागले. एका अर्थाने तो हात पुन्हा पायपेटीवरील स्थिर षड्जाकडे परतला, फक्त आता त्यामागे वादकाचा निर्णय राहिला नाही. या प्रगतीचे निर्भेळ स्वागत करणे मला जड जाते.

या हाताचा इतिहास लिहिण्यात मोठी अडचण साधनांची आहे. त्याचे स्वरलेखन कोणी करीत नाही, आणि जत्रेतील चित्रीकरणात मायक्रोफोन पात्रांसमोर असतो. पेटी त्यात ऐकू येते ती उजव्या हाताची. सिंधुदुर्गातील महाविद्यालयांना जमण्याजोगे एक काम आहे : रात्रीच्या दशावताराचे ध्वनिमुद्रण करताना पायपेटीच्या डाव्या अंगाला एक वेगळा मायक्रोफोन ठेवावा, आणि दुसऱ्या दिवशी ते वादकालाच ऐकवून कोणत्या पदाला त्याने कोणता स्वर धरला व का, हे त्याच्याच शब्दांत टिपून घ्यावे.