पगार जरूर घ्या, पण कारभार कोणाचा ते विचारा

एनजीओत नोकरी धरली की कार्यकर्ता विकला गेला, असे आपल्यात सर्रास म्हटले जाते. मी स्वतः पगारी सामाजिक कार्यकर्ता आहे, म्हणून आधी इतिहास पाहू.

२० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. पुढच्याच वर्षी सभेचे वसतिगृह सोलापुरात सुरू झाले. म्हणजे संस्थेचे काम चळवळीबाहेरचे नव्हते.

पुणे करारानंतर निघालेली संस्था पुढे हरिजन सेवक संघ झाली. नोव्हेंबर १९३२ मध्ये बाबासाहेबांनी ठक्करबाप्पांना पत्र लिहिले: आधी पाणवठे, शाळा अशा नागरी हक्कांसाठी लढा आणि कार्यकर्ते अस्पृश्यांतूनच घ्या. आपल्यातही लबाड असतात, हे त्यांनी त्याच पत्रात मान्य केले होते. तरीही संघाची सूत्रे सवर्णांच्याच हाती राहिली. प्रायश्चित्त सवर्णांचे, म्हणून कारभारही त्यांचाच, असा गांधीजींचा युक्तिवाद होता.

आजही वस्तीत फिरून सर्व्हे करणारे आपण आणि ठराव करणारे दुसरेच, असे चित्र अनेक ठिकाणी दिसते. माझी पहिली नोकरी मी याच कारणाने सोडली.

म्हणून मित्रांनो, मुलाखतीत पगार विचाराच. सोबत हेही विचारा: विश्वस्त मंडळात आपले किती? अन्याय झाला तर संस्था बोलेल की गप्प बसेल?

जय भीम!