पोळे न मोडता मध

पूर्वी किनवट-माहूरच्या रानात मध काढायचा म्हणजे धूर करून आग्या मोहोळ कापायचे. पोळे पिळले, की वसाहत उजाड! अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ मध्ये हेरले, की सहा ते नऊ मिलिमीटरची फट मधमाश्या मोकळी सोडतात. त्यातून सुट्या चौकटींची पेटी आली आणि पोळे शाबूत राहिले. महाबळेश्वरला १९४६ मध्ये सुरू झालेल्या मध संचालनालयाने ती राज्यात रुजवली. आग्या माशी मात्र पेटीत नांदत नाही. सातेरी किंवा मेलिफेरा नांदते.

लातूर-नांदेडच्या नवशिक्याने पेटीआधी शिवारातला फुलोरा पाहावा. करडई, सूर्यफूल फुलले की चंगळ. रखरखत्या उन्हाळ्यात पेट्या हलवाव्या लागतात, नाहीतर साखरेचा पाक द्यावा लागतो. अन् ऐन फुलोऱ्यात कीटकनाशक फवारले, तर पेटी ओस पडते आणि सूर्यफुलाचे दाणेही पोचट राहतात.